उन्हाळ्यात बाकूला जाऊन अझरबैजानी शिकणे : तयारी, निवास आणि तुर्कीची सवय

प्रश्न : दादरकर_गायन

नमस्कार. मी दादरला राहते, फोर्टमधील एका विमा कार्यालयात नोकरी करते आणि गेली चौदा वर्षे शास्त्रीय गायन शिकते आहे. तीन वर्षांपूर्वी अझरबैजानचा मुगाम, म्हणजे तिथले शास्त्रीय संगीत, पहिल्यांदा ऐकला. हातात दफ घेतलेला गायक, एका बाजूला ‘तार’ हे छेडून वाजवायचे तंतुवाद्य आणि दुसऱ्या बाजूला गजाने वाजणारा कमांचा, एवढ्याच साथीवर सेगाह हा मुगाम इतका सावकाश उलगडत गेला की मला आमच्या गुरुजींची विलंबित बढत आठवली. पुढे वाचताना कळले की मुगामात गायल्या जाणाऱ्या रचनांत फुझुलीसारख्या कवींच्या गझला असतात आणि गायक शब्दाच्या वजनानुसार स्वरावर थांबतो किंवा पुढे सरकतो. बंदिशीचा अर्थ ठाऊक नसताना ती गाऊ नये असे मला शिकवले गेले आहे, त्यामुळे भाषा न शिकता केवळ ध्वनिमुद्रणे ऐकत राहणे मला अपुरे वाटू लागले.

मुंबईत अझरबैजानी शिकवणारे कोणी मला सापडले नाही, म्हणून तिच्या सर्वांत जवळची भाषा म्हणून दोन वर्षे ऑनलाइन तुर्की शिकले. आता साध्या विषयांवर तुर्कीत बोलता येते. पुढील वर्षी कार्यालयातून सहा आठवड्यांची रजा मिळण्याची शक्यता आहे आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये घेऊन बाकूमध्ये राहून भाषा शिकावी असा विचार आहे. माझ्या मनात काही शंका आहेत. तुर्कीचा उपयोग होईल की अडथळा? वसतिगृहात राहावे की एखाद्या कुटुंबात? मी मांसाहार करत नाही, त्याने अडचण येईल का? शोध घेताना अमेरिकी सरकारचा एक पूर्ण शिष्यवृत्तीचा उन्हाळी कार्यक्रम वारंवार समोर येतो, त्यासाठी आपल्याला अर्ज करता येतो का? ज्यांनी अशा रीतीने परदेशात राहून कोणतीही भाषा शिकली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : ठाणे_फार्सी

मी फार्सीचा विद्यार्थी. 2018 आणि 2019 या दोन उन्हाळ्यांत प्रत्येकी चार आठवडे बाकूमध्ये राहून अझरबैजानी शिकलो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो.

आधी शेवटच्या शंकेचे उत्तर देतो. तुम्ही म्हणता तो ‘क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप’ हा कार्यक्रम केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आहे, त्यामुळे तो विचारातून काढून टाका. अझरबैजान सरकारचा एक शैक्षणिक अनुदान कार्यक्रम 2018 पासून भारतासह अलिप्ततावादी चळवळीतील देशांच्या नागरिकांसाठी आहे, पण तो पदवी, पदव्युत्तर अशा पूर्ण शिक्षणक्रमांसाठी आणि त्यांच्या पूर्वतयारी वर्गासाठी आहे. काही आठवड्यांसाठी जाणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने जाण्याची तयारी ठेवावी, आणि अझरबैजान भाषा विद्यापीठ व बाकू राज्य विद्यापीठ या दोन्हींच्या आंतरराष्ट्रीय विभागांना काही महिने आधी पत्र लिहून परदेशी व्यक्तींसाठी अल्प मुदतीचे वर्ग आहेत का ते विचारावे.

आता मुख्य मुद्दा. परदेशात गेल्याने भाषा आपोआप येत नाही, हे मला पहिल्या वर्षी कळले. मी ज्या खासगी केंद्रात नाव घातले होते तेथील वर्ग ‘संपूर्ण अझरबैजानी वातावरणात’ असेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात शिक्षिका व्याकरण इंग्रजीतून समजावत, निम्मे विद्यार्थी मधल्या सुट्टीत रशियन बोलत आणि उरलेले आम्ही इंग्रजी. राहण्याची जागा वसतिगृहात होती, तेथे माझ्या खोलीत लखनौचा एक वैद्यकीय विद्यार्थी होता, म्हणजे रात्री हिंदी. चार आठवड्यांनंतर मला क्रियापदांची रूपे पाठ होती, पण भाजीवाल्याने दोन वाक्ये सलग बोलली तर तिसरे निसटत असे.

दुसऱ्या वर्षी केंद्र बदलले नाही, घर बदलले. यासामाल भागात एका निवृत्त परिचारिकेच्या घरी खोली घेतली. घरात त्या, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. पहिल्याच दिवशी सुनेला विनंती केली की माझ्याशी इंग्रजी बोलू नये, अडले तर हाताने दाखवावे. पहिला आठवडा फार जड गेला, कारण सांगायचे असते पुष्कळ आणि येत असते थोडे. पण त्या घरात माझ्यासाठी वेळ होता. भाज्या निवडताना आजी प्रत्येक पाल्याचे नाव घेत, आठ वर्षांचा नातू माझे उच्चार न संकोचता दुरुस्त करत असे, आणि संध्याकाळी नाशपातीच्या आकाराच्या छोट्या पेल्यांतून चहा येई तेव्हा दिवसभरात काय केले ते मला सांगावेच लागे. सोबत वाटीत मुरब्बा असे. त्याचे तिथले नाव ‘म्युरॅब्बॅ’, आपला मुरांबा. शनिवारी सगळे कुटुंब आब्शेरोन द्वीपकल्पावरील आपल्या ‘बाग़’मध्ये, म्हणजे उन्हाळी घरी जाई. तेथे अंजिराला ‘ॲन्जिर’ आणि तुतीला ‘तूत’ म्हणतात हे कळले तेव्हा परकेपणा बराच कमी झाला.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : वर्ग कोणताही घ्या, पण घर विचारपूर्वक निवडा, आणि ज्या घरात दिवसा कोणी तरी घरी असते, विशेषतः आजी-आजोबा किंवा लहान मुले, असेच घर घ्या. दोघेही नोकरीला जाणारे तरुण जोडपे कितीही चांगले असले तरी रात्री आठ वाजता त्यांच्याकडे तुमच्याशी सावकाश बोलण्याची शक्ती उरत नाही.

अपेक्षाही मापात असाव्यात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला अझरबैजानी कामापुरती येण्यासाठी 44 आठवडे, म्हणजे सुमारे 1100 तास वर्ग धरते. तुम्ही आठवड्याला 20 तास शिकलात तरी सहा आठवड्यांत 120 तास होतात. तुमच्याकडे तुर्की आहे आणि मराठी आहे, त्यामुळे वाट बरीच लहान होईल, पण फुझुलीची गझल पहिल्या वारीत कळेल असे मानू नका. सोळाव्या शतकातील ती भाषा फार्सी-अरबी शब्दांनी भरलेली आहे आणि आजच्या बाकूकरालाही कोश उघडावा लागतो.

आहाराची चिंता करू नका, मात्र ‘मॅन ॲत येमिरॅम’ (मी मांस खात नाही) हे वाक्य घर ठरवतानाच कळवा. पालेभाजी भरलेली ‘गुताब’ नावाची पातळ घडीची पोळी, दही-तांदूळ आणि हिरव्या पाल्यांची ‘दोव्ग़ा’, चीज, टोमॅटो, वांगी आणि उत्तम रोटी यांवर माझे चार आठवडे सुखाने गेले. दोव्ग़ा कधी कधी मांस घालूनही करतात, तेवढे विचारून घ्यावे.

उत्तर 2 : बोरिवली_प्रवासी

वरील उत्तरात प्रवासाच्या कागदपत्रांचा विषय राहिला आहे, तो थोडक्यात लिहितो. भारतीय पारपत्रधारकांना मिळणाऱ्या एकवेळ प्रवेशाच्या ई-व्हिसावर 30 दिवसांपर्यंत राहता येते. सहा आठवडे राहायचे असेल तर तो पुरणार नाही आणि त्यासाठी शिक्षणसंस्थेकडून आधीच मार्ग काढून घ्यावा लागेल. शिवाय 15 दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची नोंदणी तेथील राज्य स्थलांतर सेवेकडे करावी लागते. हॉटेल ती स्वतः करते, पण कुटुंबात राहताना यजमानांनी ती केली आहे ना, हे तुम्हीच विचारायला हवे, कारण ती राहून गेली तर दंड होऊ शकतो. मार्च 2020 मध्ये देशाच्या भूसीमा प्रवाशांसाठी बंद झाल्या आणि पुढे ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, म्हणून जॉर्जियातून रेल्वेने किंवा बसने जाण्याचा बेत आखू नये.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी अझरबैजानने पाकिस्तानला उघड पाठिंबा दिला, त्यानंतर आपल्याकडे त्या देशाच्या पर्यटनावर बहिष्काराची हाक दिली गेली आणि अनेक प्रवास कंपन्यांनी नोंदणी थांबवली. तुमच्या घरी हा विषय नक्की निघेल. मला स्वतःला भाषा आणि संगीत यांसाठी जाण्यात गैर वाटत नाही. पण जाण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात, बाकूमधील भारतीय दूतावासाचा पत्ता व क्रमांक सोबत ठेवावा आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलून निर्णय घ्यावा.

उत्तर 3 : पार्ले_भाषाविज्ञान

तुर्कीविषयीच्या शंकेला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. मी भाषाविज्ञान शिकवते आणि तुर्की व अझरबैजानी या तुर्किक कुळातील ओघुझ नावाच्या एकाच गटातील दोन्ही भाषांशी माझा अभ्यासापुरता परिचय आहे.

तुर्कीचा उपयोग निश्चित होईल, परंतु पहिल्या दहा दिवसांत तीच सर्वांत मोठी अडचण ठरेल. बाकूमधील लोकांना दूरचित्रवाणीमुळे तुर्की चांगली कळते. तुम्ही तुर्कीत बोललात तर कोणी अडवणार नाही, आणि त्यामुळेच तुम्ही पुढे सरकणार नाही. तुर्कीतील ‘गेलियोरुम’ येथे ‘ग्यॅलिरॅम’ होते आणि ‘इस्तियोरुम’चे ‘इस्तॅयिरॅम’ होते, हा बदल कानाला लवकर सवयीचा होतो. खरा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांत आहे. तुर्कीत ‘सबाह’ म्हणजे सकाळ, अझरबैजानीत उद्या. तुर्कीत ‘सुबाय’ म्हणजे सैन्यातील अधिकारी, अझरबैजानीत अविवाहित माणूस. तुर्कीत ‘किशी’ म्हणजे कोणतीही व्यक्ती, अझरबैजानीत पुरुष. ‘द्युश्मॅक’ म्हणजे तुर्कीत पडणे, पण बाकूच्या बसमध्ये कोणी हे क्रियापद वापरून तुम्हाला विचारले तर तो ‘उतरणार का?’ एवढेच विचारत असतो.

माझा आग्रह आहे की तुम्ही अझरबैजानीचा संबंध तुर्कीपेक्षा मराठीशी जोडावा. वही घालावी ती मराठीत, इंग्रजीत नव्हे. वाक्यरचना बहुतेक ठिकाणी आपल्यासारखीच आहे : क्रियापद शेवटी, आणि नामाला मागून जोडले जाणारे प्रत्यय. ‘चाय इचिब ग्येत्दी’ म्हणजे ‘चहा पिऊन गेला’, आणि येथील ‘इब’ हे आपल्या ‘ऊन’चे काम जसेच्या तसे करते. ‘द्युनॅन ग्यॉर्द्युयुम आदाम’ म्हणजे ‘काल मी पाहिलेला माणूस’. इंग्रजी भाषकाला ही रचना उलटी वाटते आणि तो आठवडे घालवतो, आपल्याला ती शिकावीच लागत नाही. आपण ‘चहा-बिहा’, ‘पुस्तक-बिस्तक’ म्हणतो, तेथे ‘चाय-माय’, ‘किताब-मिताब’ म्हणतात. विद्यार्थ्यांना हे सांगितल्यावर त्यांची भीती किती झटकन कमी होते हे मी पाहिले आहे.

उच्चारांतही एक मोठी सोय आहे. अझरबैजानीत उलट्या लिहिलेल्या इंग्रजी ‘e’ सारखे दिसणारे एक अक्षर पानोपानी भेटते आणि त्याचा उच्चार आपल्या ‘बॅट’मधील ॲ सारखा आहे. अनेकवचनाचा प्रत्यय शब्दातील स्वर पाहून ‘लार’ किंवा ‘लॅर’ होतो : ‘किताब’चे ‘किताबलार’, पण ‘एव’ (घर) चे ‘एवलॅर’. हा स्वरमेळ तुम्हाला तुर्कीतून ठाऊक आहे, फक्त ‘लेर’च्या जागी ‘लॅर’ येते. गायनाचा कान असल्यामुळे तुम्हाला तो जड जाऊ नये.

फार्सी-अरबीतून मराठी आणि अझरबैजानी या दोन्ही भाषांत आलेल्या शब्दांची यादी करा, पण प्रत्येकापुढे तेथील अर्थ लिहा. शहर, दुकान, रंग, खबर, कलम, साबण हे जवळजवळ तसेच आहेत. ‘दॅफ्तॅर’ मात्र वही आहे, आपले दप्तर नव्हे. ‘हाज़िर’ म्हणजे तयार, आपल्यासारखे हजर नव्हे. ‘पूल’ म्हणजे पैसे, आणि नदीवरचा पूल म्हणजे ‘क्यॉर्प्यु’. ‘तामाशा’ म्हणजे रंगमंचावरील नाट्यप्रयोग, आणि आपल्या लोकनाट्याचे नाव हे त्याच शब्दाचे दुसरे अपत्य आहे. संगीताच्या बाबतीत आणखी एक साम्य मला फार मोलाचे वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये रंगभूमीवर पदे आणली, आणि उझेयिर हाजिबेयोव यांनी 1908 मध्ये बाकूमध्ये फुझुलीच्या लैला-मजनूच्या काव्यावर ऑपेरा उभा केला व त्यात मुगामच्या गायकांना स्वतःच्या पद्धतीने गाण्यासाठी जागा ठेवली. दोन्हीकडे बैठकीतील गाणे नाटकाच्या पडद्यासमोर आले आणि सामान्य प्रेक्षकाच्या कानात बसले. तुम्ही यजमानांना हे सांगू शकाल इतकी भाषा आली तरी प्रवास सार्थकी लागेल.

लिपीची एक सूचना. ही भाषा गेल्या शंभर वर्षांत तीन लिप्यांतून गेली आहे : 1920च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अरबी, मग लॅटिन, 1940च्या सुमारास सिरिलिक आणि 1991 पासून पुन्हा लॅटिन. त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानात मुगामवरील चांगले पुस्तक हाती लागले तर ते बहुधा सिरिलिकमध्ये असेल. सिरिलिक अक्षरे जाण्यापूर्वीच शिकून घ्यावीत, एक-दोन आठवड्यांचे काम आहे. इराणमधील तबरीझकडचे अझरबैजानी भाषक आजही अरबी लिपीत लिहितात, आणि त्या भाषेचे बोलणारे अझरबैजानपेक्षा इराणमध्ये अधिक आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

उत्तर 4 : ठाणे_फार्सी

महत्त्वाची गोष्ट लिहायची राहून गेली. तुम्ही मुगामसाठी जात आहात, तर जुलै-ऑगस्ट निवडू नका. त्या महिन्यांत नाट्यगृहे आणि संगीतशाळा सुट्टीवर असतात, विद्यापीठे 15 सप्टेंबरला सुरू होतात आणि ज्यांना शक्य आहे ती कुटुंबे आब्शेरोनवरील घरी निघून जातात. मला भाषेसाठी हे सोयीचे पडले, तुम्हाला गाण्यासाठी पडणार नाही. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत गेलात तर वर्ग चालू असतात, हवा सुसह्य असते, आणि किनाऱ्यावरील बुलवारावर 2008 मध्ये उघडलेल्या आंतरराष्ट्रीय मुगाम केंद्रातील कार्यक्रम ऐकायला मिळण्याची शक्यता पुष्कळ अधिक. आपल्याकडचा उन्हाळा संपत आलेला असतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. पाऊस लागण्याच्या सुमारास तुम्ही परत याल.

एक दिवस बाकूजवळच्या सुराखानीच्या आतेशगाहसाठी ठेवा. व्यापारासाठी गेलेल्या भारतीयांनी बांधलेल्या त्या अग्निमंदिराच्या कोठड्यांच्या दारांवर देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख आहेत. मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी 1925 मध्ये तेथे गेले होते आणि हे मंदिर हिंदूंचे आहे असे त्यांनी नोंदवले. त्या दारासमोर उभे राहून तेथील रखवालदाराला मी अझरबैजानीत ‘श्री गणेशाय नमः’चा अर्थ सांगितला, आणि चार आठवड्यांत मी सलग बोललेला तो सर्वांत मोठा मजकूर होता.

जाण्यापूर्वीचे सहा महिने मात्र वाया घालवू नका. रोजच्या लोकलमधील वेळेत अझरबैजानी बातम्या ऐका. बाकूच्या मेट्रोतील घोषणा पाठ करून ठेवा : ‘एहतियातली ओलुन, गापिलार बाग़लानिर’, सावध राहा, दारे बंद होत आहेत. दिवसातून अनेकदा कानावर पडणारी वाक्ये आधीच कळत असली की उरलेले लक्ष नव्या वाक्यांसाठी मोकळे राहते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : दादरकर_गायन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी बोलणे झाले. आईचा आधी विरोध होता, पण कुटुंबात राहणार आणि चारच आठवडे जाणार हे ऐकल्यावर तिने मान्य केले. रजा मेच्या मध्यापासून मागितली आहे, म्हणजे ई-व्हिसाच्या 30 दिवसांत सर्व बसेल आणि उरलेले दोन आठवडे पुढच्या वर्षीसाठी राखता येतील. आजपासून मराठीत वही सुरू केली आहे आणि तुर्कीची मालिका पाहणे थांबवले आहे, जे सोपे नाही.

एक छोटी शंका. यजमान बाईंना काय म्हणून हाक मारावी? आपल्याकडे मी सरळ मावशी किंवा काकू म्हटले असते.

उत्तर 5 : ठाणे_फार्सी

सुरुवातीला त्यांच्या नावापुढे ‘ख़ानिम’ लावा आणि ‘सिज़’ म्हणजे ‘तुम्ही’ हे रूप वापरा. आपल्यासारखेच तेथे मावशी, आत्या, काका आणि मामा यांना चार वेगळे शब्द आहेत : ‘ख़ाला’, ‘बीबी’, ‘ॲमी’, ‘दायी’. वडीलधाऱ्या परक्या बाईला प्रेमाने ‘ख़ाला’ म्हणतात, म्हणजे तुमची मावशी बरोबर बसते. पण घाई करू नका. एखाद्या सकाळी त्या स्वतःहून तुम्हाला ‘गिज़िम’, माझ्या मुली, अशी हाक मारतील, त्या दिवसापासून ‘ख़ाला’ म्हणा. ‘सिज़’ मात्र तेव्हाही सोडू नका.